डाव्या हाताचं वजन

काउंटरपलीकडच्या माणसाने आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग डाव्या हाताकडे, आणि एकही प्रश्न न विचारता मागे वळून भिंतीवरची सगळ्यात हलकी रायफल काढून माझ्यापुढे ठेवली. "ही घ्या. जेमतेम साडेपाच पौंड. तुमच्यासाठी हीच." बोलण्यात आपुलकी होती. वयाने माझ्याएवढाच असेल, हाताला बंदुकीच्या तेलाचा वास, आणि रायफल ठेवताना काचेवर ओरखडा पडू नये म्हणून खाली घातलेला फेल्टचा तुकडा त्याने दोनदा सारखा केला. मी ती उचलली तेव्हा मलाही हायसं वाटलं, हे खोटं कशाला सांगू? अडीच किलो. दस्ता कृत्रिम धाग्यांचा, आतून जवळजवळ पोकळ, नळी बोटाएवढी बारीक. खांद्याला लावली, तीन-चार सेकंद धरली, खाली ठेवली, पैसे दिले. गाडीत येऊन बसलो आणि काहीतरी टोचायला लागलं. ते काय, हे कळायला पुढचं वर्ष जावं लागलं. त्याने मला काहीच विचारलं नव्हतं. मी बसून मारतो की उभं राहून, किती चालतो, किती वेळ धरून ठेवतो, हात खांद्यातून उचलत नाही की कोपरातून. हात पाहिला आणि उत्तर दिलं.

आणि मीही काही सांगितलं नव्हतं.

माझा जन्म १९६६चा, कणकवलीच्या बाजूचा. सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा व्हायचा होता, सगळी रत्नागिरीच. दुसऱ्या वर्षी ताप आला, चार दिवसांनी उतरला आणि डावा हात लुळा पडला. गावात त्याला पोलिओ कुणी म्हणायचं नाही. "हातावरून वारं गेलं" म्हणायचे. पुढे मालिश, कोंबडीच्या रक्तापासून ते कसल्या कसल्या पाल्याच्या लेपापर्यंत सगळं झालं, आणि हात जेवढा परत यायचा तेवढा आला. खांद्यातून अर्धाच उठतो. कोपर वाकतं. मूठ वळते, पण मुठीत जोर नाही. इथे अमेरिकेत थेरपिस्टने एकदा पकड मोजायचं यंत्र हातात दिलं तेव्हा काटा उजव्या हाताला अडतिसावर गेला आणि डाव्याला अकरावर थांबला. तिने दोन्ही आकडे कागदावर शेजारीशेजारी लिहिले. आयुष्यभर जे अंगाला माहीत होतं ते असं निळ्या शाईत समोर आल्यावर मी बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसलो होतो.

बंदूक मी पहिल्यांदा पाहिली ती काकाच्या खांद्यावर. ठासणीची. आमच्याकडे शेती-संरक्षणाच्या परवान्यावर घरटी नाही, तरी वाडीगणिक एखादी तरी असायचीच. भात पोटरीला आलं की डुकरं उतरायची, आणि मग काका रात्रभर मांगरात राखणीला. निवडणूक आली की वाडीतल्या सगळ्या बंदुका पोलिस ठाण्यात जमा व्हायच्या आणि त्या पंधरा-वीस दिवसांत डुकरांना कसं कळायचं कोण जाणे, पण सुरणाचे वाफे उखणलेले दिसायचे. दारू ठासायचा गज, केपांची पत्र्याची डबी, जळक्या गंधकाचा वास, आणि बार उडाल्यावर समोरच्या डोंगरावरून परत येणारा आवाज. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. मला ती धरायची होती. घरातल्या बायका ओरडल्या, "त्याचा हात बघा आणि काय देताय!" काकाने ऐकलं नाही. रिकामी बंदूक पडवीच्या कठड्यावर टेकवली, मला मागे बसवलं, दस्ता माझ्या उजव्या खांद्यात खुपसला आणि माझी डावी मूठ नळीखालून काढून माझ्याच मांडीवर ठेवली. "हातान काय धरतंस? आंगान धर," म्हणाला. बंदूक माझ्यापेक्षा लांब होती, वजनाला चार किलोच्या वरच असणार. आणि ती हलली नाही. कठडा आणि माझा खांदा, दोघांच्या मध्ये ती अशी गपगार पडून राहिली की मला वाटलं आता उठूच नये.

तेवढंच. बार काढायला मिळाला नाही, आणि पुढे काही वर्षांतच मी शिकायला मुंबईला गेलो. वन्यजीव कायदा १९७२पासून होताच. शिकार म्हणजे आपल्याकडे एक तर जुन्या संस्थानिकांचे भिंतीवरचे फोटो, नाही तर रात्री चोरून केलेलं काहीतरी, असं डोक्यात बसलं आणि ते बरोबरच होतं. आजही मला त्याबद्दल शंका नाही.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात आलो तेव्हा नोव्हेंबरात ऑफिस अर्धं रिकामं व्हायचं त्याचं नवल वाटायचं. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणांचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो आणि शाळेतल्या मुलांपासून बँकेतल्या मॅनेजरपर्यंत सगळे नारिंगी जॅकेट घालून पहाटे रानात. मला त्यात ओढलं ते आमच्या शेजाऱ्याने. निवृत्त डेअरी शेतकरी, ऐंशीच्या घरातला. त्याच्या मक्यात हरणं उतरायची आणि तो कुंपणाशी उभा राहून ज्या तऱ्हेने शिव्या द्यायचा त्यात मला काका दिसायचा. पन्नाशीत मी त्याच्याबरोबर बसायला लागलो. नुसता बसायचो. १ जानेवारी १९७३ला किंवा नंतर जन्मलेल्यांनाच इथे शिकाऱ्याचं सुरक्षा-शिक्षण सक्तीचं आहे. मी त्याच्या आधीचा. तरी मी तो वर्ग केला, शाळकरी पोरांच्या मध्ये बसून. अपंग शिकाऱ्यांसाठी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नऊ दिवसांचा वेगळा हंगाम असतो, थंडी हाडात शिरायच्या आधी. ज्यांना चालवत नाही त्यांना उभ्या गाडीत बसून नेम धरायची मुभा परवान्यात मिळते. डॉक्टरची सही लागते. ती सही घेताना मी कधी नव्हे ते माझा हात लपवला नाही. एवढी वर्षं बाही ओढून घ्यायची सवय होती.

तर ती अडीच किलोची रायफल. .३०८ काडतुसाची, कारण इथे बरेच लोक तीच वापरतात आणि मी विचार केला नाही. कॅटलॉगात छापलेलं वजन नुसत्या बंदुकीचं असतं हेही तेव्हा डोक्यात आलं नाही. वर दुर्बीण चढली की चारशे ग्रॅम, ती बसवायच्या कड्या, पट्टा, चार काडतुसं. अडीचाची सव्वातीन होते. तेही ठीक. पण गोळी सुटताना जो रेटा मागे येतो तो काडतुसाचा असतो, बंदूक जड की हलकी याच्याशी त्याला देणंघेणं नाही. बंदूक हलकी असेल तर तोच रेटा तिला जास्त वेगाने मागे फेकतो. चौथा हिस्सा वजन वाढवलं तर धक्क्याची ऊर्जा पाचव्या हिश्श्याने उतरते, इतका सरळ हिशोब आहे, आणि मी इंजिनिअर असून दुकानात तो केला नाही. कारण दुकानात मी इंजिनिअर नव्हतो, डावा हात होतो.

पहिल्या ऑक्टोबरात संध्याकाळी साडेपाचला एक मादी मक्याच्या कडेने बाहेर आली. पांढऱ्या शेपटीची, अंगावर ओकच्या पानांसारखा तपकिरी रंग चढायला लागलेला. नव्वद पावलं. मी लपून बसायच्या पत्र्याच्या खोक्यात खुर्चीवर, रायफल खिडकीच्या चौकटीवर टेकवलेली. धडधाकट माणसाचा पुढचा हात बंदुकीला खाली ओढून धरतो, धक्का बसला की नळी उसळते ती तो हात दाबतो. माझा हात नुसता ठेवलेला. नळी चौकटीवरून उडाली, दुर्बिणीची कड भुवईवर बसली आणि डोळ्यात गरम काहीतरी उतरलं. मला वाटलं घाम आहे. पुसलं तर रक्त. पण ते माझ्या लक्षात राहिलं नाही, लक्षात राहिलं ते त्या मादीचं पाठ कुबडी करून, पोट आत ओढून, हळूहळू चालत झाडीत जाणं. जो हे ओळखतो त्याला पुढचं सांगावं लागत नाही. गोळी मागे, पोटात लागली होती.

शेजारी म्हणाला, "आता मागे गेलो तर ती धावत राहील. सकाळी."

ती रात्र मी झोपलो नाही. भुवईवर पाच टाके होते, ते दुखत होते, बरंच वाटलं दुखत होते ते. पहाटे दव इतकं पडलं होतं की गवताचं एकेक पातं वाकलेलं. शेजारी वाकून एकेक पान उलटून बघत पुढे, मी मागे. रक्त थोडंच, हिरवट. नऊच्या सुमाराला ती ओढ्याच्या काठी सापडली, पाण्याकडे तोंड करून. कोल्ह्यांनी मागून खायला सुरुवात केली होती. शेजाऱ्याने टोपी काढली. तो कधी काढत नाही. मला तो क्षण कुठल्याही शब्दात मांडता येत नाही, आणि मांडायचाही नाही. एवढंच सांगतो की माझ्या हाताबद्दल मला आयुष्यात पुष्कळदा वाईट वाटलं, पण ते नेहमी माझ्यासाठी वाटलं होतं. त्या सकाळी पहिल्यांदा दुसऱ्या कुणासाठी वाटलं.

त्यानंतर मी नेम धरला की अंग आधीच आकसायचं. शेजाऱ्याने ते कसं पकडलं ते सांगायला हवं. शूटिंग रेंजवर तो माझ्या पाठीशी उभा राहून काडतुसं भरून द्यायचा, आणि मधेच न सांगता एक खोटं, दारू नसलेलं भरायचा. मी चाप ओढला. नुसतं टक् झालं. आणि त्या टक्-बरोबर नळी खाली झुकली, खांदा पुढे आला, डोळे गच्च मिटले गेले. धक्का नव्हताच, आणि मी त्याला घाबरून वाकलो होतो. शांत रेंजवर ते टक् एवढं मोठं ऐकू आलं. शेजारी काही बोलला नाही. खोटं काडतूस खिशात टाकलं आणि म्हणाला, "चल, कॉफी घेऊ."

घरी मी दुसरीच वाट धरली होती. हात बळकट करायचा. रबरी पट्टे आणले, छोटं डंबेल आणलं, रोज संध्याकाळी गॅरेजमध्ये. तीन आठवड्यांत हात सुधारायच्या ऐवजी चहाचा कप उचलताना थरथरायला लागला. डॉक्टरने जे सांगितलं ते मला आधी कुणी तरी सांगायला हवं होतं. पोलिओत मज्जारज्जूतल्या काही पेशी मरतात, आणि ज्या वाचतात त्या फांद्या फोडून अनाथ झालेल्या स्नायूंच्या धाग्यांनाही सांभाळतात. एकेक पेशी कितीतरी जणांचा संसार ओढते. तीस-चाळीस वर्षं ओढते आणि मग थकते. म्हणून साठीकडे झुकताना ज्या हाताची आपल्याला सवय झालेली असते तोच हात पुन्हा जायला लागतो. पोस्ट-पोलिओ म्हणतात. त्यात जोर लावून लावून व्यायाम केला तर उरलेल्याच पेशींवर बोजा पडतो. "काटकसरीने वापरा," डॉक्टर म्हणाले. भारतात शेवटचा पोलिओचा रुग्ण जानेवारी २०११मध्ये सापडला, आणि पुढे देश पोलिओमुक्त जाहीर झाला त्या दिवशी मी ऑफिसात पेढे वाटले होते. देशातून गेला म्हणून. माझ्या अंगात तो अजून कामाला होता.

आता वजनाबद्दल. यात मी जरा रेंगाळणार आहे, कारण मला कुणी हे सांगितलं नाही आणि जे कुणी अशा हाताने, अशा खांद्याने काही धरू बघत असतील, बंदूक असो की कॅमेरा की नातवंड, त्यांना कदाचित उपयोग होईल.

भारतात जाताना बॅग तेवीस किलोच्या वर जाऊ नये म्हणून आपल्या सगळ्यांच्या घरात तो हुकाचा छोटा काटा असतो. एका रविवारी मी रायफलचा बोल्ट काढून ठेवला, नळीतून आरपार उजेड दिसतोय ना हे दोनदा पाहिलं, आणि मागची मूठ खुर्चीच्या पाठीवर टॉवेलवर टेकवली. पुढचा हात जिथे येतो तिथे हुक अडकवून उचलली. माझ्या दोन हातांमध्ये चाळीस सेंटिमीटर अंतर पडतं. काट्यावर आकडा आला १ किलो ४४० ग्रॅम. सव्वातीन किलोच्या रायफलीतला जवळजवळ निम्मा भार माझ्या अकरा-काट्याच्या हाताला. म्हणजे दुकानदाराने मला हलकी बंदूक दिली होती आणि तिचं ओझं माझ्या दुबळ्या हातावर टाकलं होतं. बारीक का असेना, नळी पुढे, आणि दस्ता मागे पोकळ. तोल पुढे जाणारच.

बैलगाडी ज्याने भरली आहे त्याला हे सांगायला नको. पुढे जास्त भरली तर बैलांच्या मानेवर येतं, मागे जास्त भरली तर गाडी उलाळ होते आणि जू वर उचललं जातं. गवताची गाडी भरताना काका भारा टाकायच्या आधी जुवाला हात लावून बघायचा. किती भार आहे हे तो कधी विचारायचा नाही. कुठे आहे ते बघायचा.

मी झाडूचा दांडा घेतला. त्याला एक लिटर पाण्याची बाटली दोरीने बांधली आणि दांडा बंदुकीसारखा खांद्याला लावला. लेक सुट्टीला आली होती, ती मोबाइलमध्ये वेळ लावून समोर बसली. बाटली टोकाला असताना डावा हात नऊ सेकंदांत खाली आला. मग ती बाटली मागे सरकवत सरकवत उजव्या मुठीच्या जवळ आणली. बाटली तीच, पाणी तेवढंच. अठ्ठेचाळीस सेकंद. "बाबा, परत करा," लेक म्हणाली, तिला वाटलं मी काहीतरी वेगळं केलं. दुसऱ्यांदा सत्तेचाळीस. स्वयंपाकघरातून ही डोकावली आणि म्हणाली, "अहो, हे काय चाललंय?" मी म्हटलं, "कावड." ती देशावरची आहे, तिला लगेच कळलं.

टोकियोतल्या पॅरालिम्पिकच्या वेळी, २०२१च्या ऑगस्टअखेरीस, मी नेमबाजी बघितली होती. अवनी लेखराचं सुवर्ण सगळ्यांना आठवतं. आपला कोल्हापूरचा स्वरूप उन्हाळकर दहा मीटर एअर रायफलमध्ये चौथा आला, ते मला जास्त आठवतं, चौथा येणं घरात कसं राहत असेल याचा विचार करून. तेव्हा लक्षात आलं नव्हतं ते आता आलं. एअर रायफलला साडेपाच किलोपर्यंत वजन चालतं. आणि ज्या खेळाडूंच्या हाताला रायफल पेलवत नाही त्यांचा गट वेगळा, एसएच-टू, त्यांना रायफल टेकवायला स्प्रिंगचं स्टँड मिळतं. म्हणजे तिथे कुणी असं म्हटलं नाही की तुमचा हात अधू, तुम्ही खेळण्यातली बंदूक घ्या. बंदूक खरीच, वजनदारच, कारण जडपणाने ती स्थिर राहते. पेलण्याचं काम तेवढं दुसऱ्या कशाला तरी दिलं. पडवीच्या कठड्याला दिलं होतं तसं.

शेजाऱ्याला मी हे सगळं एका दमात सांगितलं. तो उठून आत गेला आणि एक जुनी रायफल घेऊन आला. .२४३, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, गालाचं तेल लागून लागून एका जागी काळसर झालेला. त्याच्या बायकोची. ती जाऊन सहा वर्षं झाली होती. तिचा खांदा पडून मोडला होता, म्हणून तिने ती घेतली होती, हेही त्याने तेव्हाच सांगितलं. .२४३चा धक्का त्याच वजनाच्या .३०८पेक्षा खूपच कमी, साधारण निम्म्याच्या थोडा वर, आणि हरणाला शंभर-दीडशे पावलांवर ती पुरेशी आहे, नेम जागेवर असेल तर. दुर्बिणीसकट तीन किलो सातशे भरली. हुकावर लावली तर डाव्या हाताला पावणेदोन किलोच्या जवळ. हलकीपेक्षा वाईट.

मग आम्ही तिला जड केलं.

दस्त्याच्या मागची रबरी गादी दोन स्क्रू काढून उतरवली. आतल्या लाकडात शेजाऱ्याने ड्रिलने एक पोकळ वाट पाडली. लाकडाचा भुसा खाली पडला तेव्हा त्याचा हात क्षणभर थांबला, मी म्हटलं राहू दे, तो म्हणाला, "तिला आवडलं असतं." कापडी पिशवीत साडेचारशे ग्रॅम शिशाचे छर्रे भरले, खडखडू नयेत म्हणून कापूस ठासला, गादी परत बसवली. रायफल आता चार किलो दीडशे. तोल पाच-सहा सेंटिमीटर मागे आला. हुकाला लावली. १ किलो ३५०. सव्वातीन किलोच्या रायफलीत १ किलो ४४०, आणि चार किलोच्या वर गेलेल्या रायफलीत १ किलो ३५०. आम्ही दोघांनी तीन वेळा मोजलं. शेजाऱ्याने काटा उलटा करून बॅटरी बघितली.

नळीच्या तोंडाला सायलेन्सर लावावा, धक्का अजून उतरतो, असं रेंजवर एकाने सुचवलं होतं. इथे तो कायदेशीर आहे आणि कानालाही बरा. पण ते चारशे-पाचशे ग्रॅम नेमके टोकाला, बाटली होती तिथे. ज्यांचे दोन्ही हात चालतात त्यांनी जरूर लावावा. मी कानात बोंडं आणि वर मफ घालतो. तिवई मात्र घेतली, वर जबडा असलेली, बंदूक तोलाच्या जागी पकडून ठेवणारी. त्यामुळे गोळी सुटल्यावर उजव्या हाताने बोल्ट ओढतानाही ती जागची हलत नाही. नेण्याआणण्याचा प्रश्न उरला. चार किलो खांद्यावर घेऊन अर्धा मैल चालणं मला जमत नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. हरीण ओढायची दोन चाकी गाडी असते, तिच्यात रायफल खोक्यात, तिवई, थर्मास आणि घोंगडी घालून उजव्या हाताने ओढत जातो. पहिल्या दिवशी लाज वाटली. रानात बघायला कोण होतं?

आमच्या मराठी मंडळातल्या मित्रांना हे सगळं कसं सांगायचं हे मला अजून उमगलेलं नाही. गणपतीत एकाने सगळ्यांदेखत विचारलं, "तू हरणं मारतोस?" प्रश्नात राग नव्हता, दुःख होतं, आणि ते मला पोचलं. मक्याचं नुकसान, वाढलेली संख्या, सीडब्ल्यूडी हा हरणांचा मेंदू पोखरणारा रोग जो २००२पासून इथे आहे, ही सगळी उत्तरं माझ्याकडे आहेत आणि ती खरी आहेत. पण ओढ्याकाठच्या त्या सकाळपुढे ती पुरत नाहीत. मी त्याला म्हटलं, "हो. आणि एकदा वाईट मारलं." तो गप्प राहिला, मग त्याने माझ्या ताटात मोदक वाढला. त्याच्या मनात काय होतं ते मला कळलं नाही, पण तो तूप वाढायलाही विसरला नाही.

गेल्या ऑक्टोबरात, चौथ्या संध्याकाळी, एक वर्षाची मादी त्याच कोपऱ्यातून आली. सत्तर पावलं. रायफल तिवईवर, दस्ता खांद्यात, डावा हात मांडीवर. श्वास अर्धा सोडला आणि थांबलो. दुर्बिणीतली फुली तिच्या पुढच्या पायामागे अशी टेकली होती जशी भिंतीवर काढून ठेवावी. मी तेवढा वेळ तिथेच राहिलो, गरजेपेक्षा जास्त. मग चाप ओढला. डोळे उघडे होते. ती पंधरा पावलं धावली आणि पडली. मी लगेच उतरलो नाही. माश्या गुणगुणत होत्या, मक्याची वाळलेली पानं कागदासारखी वाजत होती, आणि मांडीवरचा डावा हात अगदी गरम, कोरडा, शांत होता. डोकं रोगाच्या तपासणीला दिलं, अहवाल येईपर्यंत मांसाची पाकिटं नंबर घालून फ्रीझरमध्ये. रोग नाही असा अहवाल आला तेव्हा हिने आगळ आणि तिरफळं घालून सुकं केलं आणि शेजाऱ्याला डबा दिला. तो अजून तिरफळ म्हणजे काय ते विचारतो.

या ऑगस्टमध्ये तिवईच्या जबड्याचं रबर झिजलं म्हणून त्याच दुकानात गेलो. माणूस तोच. भुवईवरच्या व्रणाकडे त्याने पाहिलं आणि त्याला कळलं, त्या धंद्यात तो अर्धगोल व्रण सगळे ओळखतात. "ती हलकी?" त्याने विचारलं. मी म्हटलं, हो, ती. मग मी त्याला काट्याचं, शिशाचं, बाटलीचं सगळं सांगितलं. त्याने मधे तोडलं नाही. शेवटी म्हणाला, "तुम्ही बसून मारता का?" आणि काउंटरवरचं पॅड ओढून ४० सेंटिमीटर, १.४४, १.३५ असे आकडे लिहून घेतले. घरी ती हलकी रायफल अजून कपाटात आहे. विकायला काढावी असं मनात येतं, पण समोरचा कोण घेईल आणि त्याचा हात कसा असेल, या विचाराने राहून जातं.

बाटलीची चाचणी मी दर सप्टेंबरला करतो. आता लेक नसते, ही मोबाइल घेऊन बसते. दांडा तोच, बाटली तीच, दोरीच्या गाठीच्या जागी दांड्यावर खूण केली आहे. दोन वर्षांपूर्वी अठ्ठेचाळीस होते, गेल्या वर्षी चव्वेचाळीस. परवा हात खाली आला तेव्हा ही काही बोलली नाही. मी विचारलं, "किती?" "एकोणचाळीस," ती म्हणाली, आणि कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत, गॅस सिलिंडरच्या नोंदीसारख्याच बारीक अक्षरात लिहून ठेवलं. मग म्हणाली, "दस्त्यात अजून शिसं मावेल का?" मी म्हटलं, मावेल थोडं. शेजाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, ड्रिल बाहेरच ठेवलंय.